शक्य असल्यास

शेजारच्या घरात भांडं आपटल्याचा आवाज आला, की तुम्ही टीव्हीचा आवाज कमी करता की वाढवता?

आमच्या चिक्कडपल्लीच्या गल्लीत वाढवतात. आमच्या घरीही वाढवायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणी धीट मुलगी आहे असा तुमचा समज व्हायला नको.

मी पत्रकांवर वाढले. आजोबा मराठवाड्यातून हैदराबादला आले, बाबा इथेच सरकारी कचेरीत लागले, आणि कचेरी सुटली की संध्याकाळी पत्रकं लिहू लागले. जयंतीचं पत्रक, वसतिगृहासाठी पत्रक, शिष्यवृत्ती अडली म्हणून पत्रक. गौलीगुड्याच्या एका छापखान्यातून गठ्ठे यायचे आणि आमच्या पलंगाखाली राहायचे. शाळेत मला तेलुगू आणि इंग्रजी होतं. मराठी वाचायला मी त्या गठ्ठ्यांवर शिकले. माझी चुलत भावंडं अजूनही मराठी बोट ठेवून वाचतात. मी चौथीत असताना 'जाहीर निषेध' घडाघडा वाचायचे.

बाबांचे पत्रकाचे नियम दोन. वाक्य आखूड ठेवायचं, आणि पण-परंतु घालायचं नाही. "पत्रक कचरलं की वाचणारा कचरतो," असं ते म्हणत. मी ते मनावर घेतलं. फारच घेतलं.

कॉलेज संपल्यावर मी एका सरकारी मदत केंद्राच्या कामाला लागले. घरात मार खाणाऱ्या बायकांसाठीचं केंद्र. तिथे डॉक्टरकडे नेणं, जबाब लिहून घेणं, चार दिवस राहायची सोय, वकील, सगळं एका छताखाली मिळतं. माझ्याकडे वस्त्यांमधून फिरून हे लोकांना सांगायचं काम होतं. केंद्राचं पत्रक तेलुगूत आणि उर्दूत होतं. मी भांडले, की मराठी बायकांनी काय करायचं? केंद्रातल्या मॅडम तेलुगू, पण बोलायच्या दखनीत. त्या म्हणाल्या, "तो तुम लिखो ना अम्मा. कौन रोका तुमकू?"

मी लिहिलं. तेलुगू पत्रकात एक ओळ होती, तिचा अर्थ असा: शक्य असल्यास महत्त्वाची कागदपत्रे सोबत आणावीत. 'शक्य असल्यास' मला मिळमिळीत वाटलं. 'महत्त्वाची' म्हणजे कोणती, तेही मोघम वाटलं. मी ठळक अक्षरांत लिहिलं: घर सोडताना सर्व मूळ कागदपत्रे सोबत घ्या! आणि खाली यादी दिली. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, शिक्षणाची प्रमाणपत्रे. मॅडमना मराठी वाचता येत नव्हतं. बाबांनी वाचलं आणि पाठ थोपटली.

आता वरच्या पोर्शनमधल्या वहिनीबद्दल. आम्ही तळमजल्यावर, त्या वर भाड्याने. लातूरकडच्या. नर्सिंगचा कोर्स केलेल्या, लग्नानंतर नोकरी सोडावी लागलेल्या, एक मुलगी पहिलीत. आमच्या गल्लीतल्या तरुण सुनांमध्ये सरळ मराठी वाचणाऱ्या त्या एकट्याच असतील, कारण त्यांची शाळा मराठी होती. भांडी आपटायची ती त्यांच्याच घरात. दुसऱ्या दिवशी त्या पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून खाली यायच्या, एप्रिलच्या उन्हातसुद्धा.

त्यांचा नवरा बाबांचा लाडका होता. जयंतीला मंडपात खुर्च्या मांडणारा, घोषणा देताना सगळ्यात पुढे. संक्रांतीच्या आठवड्यात छापखान्यातून माझ्या पत्रकांचा गठ्ठा त्यानेच स्कूटरवरून आणला. दारात गठ्ठा ठेवून त्याने विचारलं, "काय लिहिलंय ताई?"

मी त्याला पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. सगळं, यादीसकट. त्याला लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. शेवटच्या ओळीला मी त्याच्या डोळ्यांत बघितलं.

"मस्त, ताई," तो म्हणाला. "एकदम करंट." आणि जिना चढून वर गेला.

दुसऱ्या दिवशी वहिनींच्या हातात मी पत्रक दिलं. त्यांनी घडी करून कमरेला खोचलं. मला फार बरं वाटलं. पत्रक योग्य हातात पडलं, आता बाकीचं आपोआप होईल, अशी माझी समजूत.

काहीच झालं नाही. आठवडे गेले. वहिनी जिन्यात भेटल्या की बाजूला व्हायच्या. मी विचारलं तर म्हणायच्या, "बरंय की. काय झालंय?" मी चिडायचे. आईजवळ बडबडायचे, की बायकांनाच सुटायचं नसेल तर कुणी काय करायचं. माझी आई एका शाळेत आया आहे. त्याच शाळेत वहिनींची मुलगी जाते. आई भाजी निवडत म्हणायची, "बोललीस? आता ती मेथी इकडे दे."

आणि आईचे ते डबे! बेगम बाजारातून आणलेला चपट्या झाकणाचा स्टीलचा डबा सतत वर-खाली करायचा. वरून धपाटे यायचे, खालून गोंगुऱ्याची चटणी जायची. वरून येसर आमटी, खालून खोबऱ्याची वडी. आलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही ही आईची पद्धत. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी. मला त्याचा राग यायचा. वर एक बाई मार खातेय आणि तुम्ही चटण्या काय पोचवताय?

फेब्रुवारी संपत आला होता. केंद्राच्या ओळखपत्रासाठी मला माझ्या जन्मदाखल्याची प्रत हवी होती. आई शाळेत होती. मी तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या मागे एक कापडी पिशवी लागली. पिशवीला लसणाचा आणि तिखटाचा वास येत होता. आत धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, तोंड दुमडून रबर लावलेल्या. पहिलीत वहिनींचं आधार. दुसरीत पासबुक. तिसरीत मुलीचा जन्मदाखला. आणखी एकीत लग्नाचा फोटो, डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या. जन्मदाखल्याच्या कोपऱ्याला तेलाचा डाग होता.

आई आली तेव्हा मी पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"ठेव ती," आई म्हणाली. "तुझी नाही."

"हे कधीपासून चाललंय?"

"दिवाळीपासून. एक-एक येतं. धपाट्यांच्या खाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गल्लीत सभा घेतली असतीस."

"आई!"

"चांगल्यासाठीच घेतली असतीस. पण घेतली असतीस."

मी विचारलं, "सगळे कागद आलेत, तर त्या थांबल्यात कशाला?"

"एक राहिलाय. नर्सिंगचा. त्याच्या लोखंडी पेटीत आहे. आधी उघडी असायची. महिन्याभरापूर्वी त्याने नवीन कुलूप लावलं. संक्रांतीनंतर निघायचं ठरलं होतं तिचं."

"पण त्याची नक्कल मिळते, आई! अर्ज करायचा. वेळ लागतो, पण मिळते. आणि केंद्रात कागद नसला तरी घेतात. काही नसलं तरी घेतात!"

आई उठली. पिशवीच्या तळाशी हात घालून तिने एक घडी काढली. माझं पत्रक. त्या ठळक ओळीखाली बॉलपेनने रेघ मारली होती, आणि 'सर्व' या शब्दाभोवती गोल होता. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे बरोबरची खूण. एकीपुढे नव्हती.

"मग इथे असं का लिहिलंयस?" आईने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

माझ्याकडे उत्तर होतं. वाक्य जोरदार वाटावं म्हणून. एका वाक्याच्या जोरासाठी एक बाई पाच आठवडे जास्त त्या घरात राहिली होती, आणि कुठले कागद कुलपात घालायचे, ते मीच तिच्या नवऱ्याला दारात उभी राहून वाचून दाखवलं होतं. तो पाच आठवडे काय करत होता, हे आम्ही सगळे टीव्हीचा आवाज वाढवून ऐकत होतो.

"चिठ्ठी लिहू का त्यांना? डब्यातून पाठवू?"

"पुन्हा लिहायचंच?" आई म्हणाली. "तोंड आहे ना तुला?"

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. पाण्याच्या दिवशी सकाळी सगळ्या बायका अंगणातल्या नळावर असतात आणि पुरुष तिकडे फिरकत नाहीत. वहिनी बादली लावून उभ्या होत्या. मोटारीच्या आवाजात मी त्यांच्याजवळ गेले.

"वहिनी, माझं चुकलं. पत्रकात मी चुकीचं लिहिलं. तो कागद नसला तरी चालतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"छापलेलं होतं ना," त्या म्हणाल्या.

"हो. छापलेलं चुकीचं होतं."

"मला वाटलं, एक जरी कमी पडला तर परत पाठवतील. मग तो मला जिवंत ठेवील का?"

बादली भरून वाहत होती. दोघींनीही तिला हात लावला नाही. मग वहिनी एकदम हसल्या. "बाई गं, तुझ्या त्या ओळीसाठी त्याच्या खिशातली किल्ली काढायला गेले होते मी. दोनदा. दुसऱ्यांदा सापडले." आणि बाही जराशी वर केली.

त्यांचं हसणं मला अजून सहन होत नाही.

पुढचं सगळं दोन दिवसांत झालं. सकाळी अकराला, नवरा कामावर गेल्यावर, वहिनी रोजच्यासारख्या मुलीचा डबा घेऊन शाळेत गेल्या. फाटकात आई होती. आईने वर्गातून मुलीला आणलं आणि आपल्या जेवणाच्या पिशवीतून ती कापडी पिशवी काढून दिली. मी ऑटो घेऊन उभी होते. वहिनींच्या पायात घरातल्या चपला होत्या. मुलगी विचारत होती, "आज हाफ डे आहे का?"

केंद्रात वहिनी खुर्चीवर बसल्या बसल्या दुधाच्या पिशव्या टेबलावर मांडू लागल्या. एक, दोन, तीन, रबरं काढून, ओळीने. मॅडम बघत राहिल्या.

"एक नहीं है मेरे पास," वहिनी म्हणाल्या. "नर्सिंग का. मैं लाऊँगी. पक्का लाऊँगी."

"इत्ते पेपराँ तो मेरे कने भी नै अम्मा," मॅडम म्हणाल्या. "आधे तो धपाटे जैसे महक रईं. पहले चाय पियो. बच्ची कू बिस्कुट देओ."

तेव्हा वहिनी रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघत होते.

डॉक्टरांनी दंड तपासला, जबाब झाला, राहायची सोय झाली. पोलीस बाईंना घेऊन केंद्राची माणसं त्या प्रमाणपत्रासाठी घरी गेली, तेव्हा पेटी उघडी होती आणि कागद नव्हता. नकलेसाठी अर्ज केलाय. ती अजून आलेली नाही. तोवर वहिनी एका दवाखान्यात मदतनीस आहेत. इंजेक्शन देता येतं, पण ट्रे धरून उभं राहावं लागतं. हे नुकसान माझ्या पत्रकाच्या नावावर आहे. कुणी तसं म्हणत नाही, म्हणून मीच म्हणते.

नवरा बाबांकडे आला होता. "काका, तुम्ही समजावा तिला. आपल्यात ही पद्धत आहे का? घरातलं घरात मिटवू." बाबांनी इतकी वर्षं त्याला मंडपात पुढे उभं केलं होतं आणि वरचे आवाज ऐकले होते. ते म्हणाले, "यंदा खुर्च्या मांडायला येऊ नकोस." एवढंच. मला ते फार कमी वाटलं. मी त्या रात्री बाबांशी भांडलेसुद्धा. पण बाबांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं, हेही आमच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

नवीन पत्रक मी लिहिलंय. त्यात यादी नाही. एकच ओळ आहे: काही आणता आलं नाही तरी या. बाबा म्हणाले, जोर कमी पडतोय. मी म्हटलं, पडू दे. आणि ते वाटायला मी दारोदार जात नाही. केंद्रात ठेवते, शाळेच्या बायकांच्या खोलीत ठेवते.

आईचा डबा मागच्या आठवड्यात परत आला, वहिनींच्या मुलीच्या हातून. आत धपाटे होते. आईने सवयीने खाली चाचपून बघितलं. खाली काही नव्हतं, नुसते धपाटे. आई खूप वेळ तो डबा हातात घेऊन बसली होती.

आता तुमच्याकडे येते. तुम्हाला ते घर माहीत आहे. पहिला प्रश्न वाचलात तेव्हाच तुम्हाला ते आठवलं. तर आज आपल्या कपाटातला एक खण रिकामा करा, साड्यांच्या मागचा. आणि उद्या छतावर, नळावर, शाळेच्या फाटकात ती बाई एकटी भेटली की तिला सांगा: तुझं काही ठेवायचं असेल तर माझ्याकडे ठेव, आणि काही आणता आलं नाही तरी तशीच निघून ये. हे कापून तिच्या हातात देऊ नका. छापलेलं आहे. तोंडाने सांगा.