पायाळू माणसाची टाच

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो अक्कामुळे. माझी ही मोठी बहीण चौथीत शाळा सोडून लोकांच्या शेतात निंदायला गेली, म्हणून मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होऊ शकलो. धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या डाव्या टाचेमागे बोट ठेवून ‘पार्शल टेअर’ म्हटलं, तेव्हाही शेजारी तीच होती.

‘ॲकिलिस टेंडन’ म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा जाड दोर. तो ओढला गेला की टाच उचलते. मुलांना लांब उडी दाखवताना माझा दोर अर्धवट फाटला होता. डॉक्टर म्हणाले, हा टाचेला आधार देणारा बूट घालून जपलात तर जुळेल. पुन्हा ताण आला तर ऑपरेशन, आणि मग पळता येईलच असं नाही.

इथपर्यंत कोणाचाही आजार असाच असतो. माझी अडचण वेगळी. मी पायाळू आहे, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आले. पायाळूने पाय लावला की कंबरेतली उसण जाते असं आमच्याकडे मानतात.

रजा घेऊन साक्रीजवळच्या आमच्या गावी गेलो. लोक तब्येत विचारायला येत आणि तेवढ्यात पाठ पुढे करत. एक आबा म्हणाले, बुटासकट लावला तरी चालेल. मी त्यांना टेंडनचं चित्र काढून समजावलं. त्यांनी ते लक्ष देऊन पाहिलं, छान काढलंय म्हणाले आणि सदरा वर केला.

मग एक दिवस अक्काच शेजारच्या नानांना घेऊन आली. ते कंबरेत वाकले होते. मी नुकताच बूट काढून पाय धूत होतो. डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना, असं मी तिला विचारलं.

“तो पाय दुखस ना भाऊ? मंग दुसरा शे ना.”

अक्कापुढे माझी पदवी चालत नाही. मी उजवा पाय उचलला. सगळा भार डाव्यावर आला, तोल जाताना मी चवड्यावर चढलो आणि टाचेमागे कोणी काठी मारावी तसं झालं. नाना मात्र ताठ चालत घरी गेले.

धुळ्याला डॉक्टरांनी पालथं झोपवून पोटरी दाबली. ही ‘थॉम्प्सन टेस्ट’. दोर शाबूत असेल तर दाबल्यावर पाऊल हलतं. माझं हललं नाही.

“मी सांगितलं काय, तुम्ही केलं काय?”

मी खरं ते सांगितलं. ते कपाळाला हात लावून बसले. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तर वॉर्डातल्या मावशी हळूच विचारत होत्या, पायाळू ते तुम्हीच का?

टाचेमागे कट्कन वाजलं तर चोळू नका, आधी दाखवा. आणि पायाळू असाल तर दवाखान्यात बोलू नका.

धुळ्यातल्या घरी आल्यावर बायकोकडून अक्काची एक गोष्ट कळली, तेव्हा अक्काला पत्र पाठवलं.

ती. अक्कास,
सा. नमस्कार. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. टाके निघाले. पळण्याचं डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. यापुढे कोणालाही आणू नकोस. तू आणलेल्यांनाही मी परत पाठवीन.
तुझीच कंबर कित्येक वर्षं दुखते, हे तू हिला सांगितलंस. मोठ्या बहिणीला पाय लावला तर भावाला पाप लागेल, म्हणून माझ्यापुढे कधी बोलली नाहीस. अक्का, माझ्या पापाची एवढी काळजी घेतलीस, थोडी टाचेचीही घ्यायची होतीस.
सोमवारी धुळ्याला ये. तुझ्या कंबरेचा एक्स-रे काढू. नाही आलीस तर कुबड्या घेऊन मीच न्यायला येईन.
तुझा भाऊ