पारूबाईची डबी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एकदा आईपाशी सुरुवात केली होती — मग चहा ठेवायला उठले, आणि ते राहूनच गेलं. तुम्ही माझ्या घरातले नाही, म्हणून आज जमेल कदाचित.

सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या पेशंटना गोळ्या मिळतात, तिथं मी समुपदेशक होते. दुष्काळाची वर्षं. खुलताबादकडच्या वस्त्या टँकरवर जगत होत्या, आणि माणसं शहराच्या कडेला नव्या इमारतींवर पाट्या उचलायला येत होती. पेशंटनं दर महिन्याला डबी परत आणायची, उरलेल्या गोळ्या मी टेबलावर ओतून मोजायच्या — नेमानं घेतो की नाही, ते त्यावरून कळायचं. पण लोक काय कमी हुशार? चुकवलेल्या गोळ्या वाटेतच गटारात टाकून डबी बरोबर करून आणायचे. मला ते ठाऊक होतं. आणि ठाऊक असल्याचा लई तोरा होता मला.

पारूबाई मेंढरं विकून बांधकामावर आलेली. नवरा याच आजारानं गेलेला. तिची डबी दर वेळी बरोबर — एक गोळी इकडं नाही की तिकडं नाही. तरी वजन उतरत होतं, आजाराशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी घटत होत्या. याचे अर्थ दोनच. बाई खोटं बोलते. नाहीतर गोळ्याच लागू पडेनात, त्या बदलायला हव्यात. बदलायच्या तर आधी रक्तातला विषाणू मोजायची टेस्ट. ती महागाची, नमुना बाहेरगावी जायचा, आणि महिन्याला मोजक्याच पेशंटचा पाठवता यायचा. कुणाचा — ते डॉक्टर मला विचारून ठरवत.

रोज खाते ताई, बिरोबाची आण, असं ती म्हणायची. आणि मी पाटलाघरची लेक. मेंढरंवाल्यांच्या आणेवर जाऊ नये, रात्रीतून शेत चारून जातील — हे लहानपणापासून कानावर पडलेलं. शिकले-सवरले, पण ते कानातून गेलं कुठं?

मी डॉक्टरांना सांगितलं, "डबी बरोबर असते, पण गोळ्या टाकून देते ती."

टाकताना पाहिलं होतं का मी? नाही. कुणी सांगितलं होतं? नाही. तरी मी म्हणाले — अगदी खात्रीनं म्हणाले.

नमुना गेला वाळूजच्या कारखान्यातल्या एका कामगाराचा. इस्त्रीचा शर्ट, मला मॅडम म्हणायचा. त्याचा रिपोर्ट छान आला. त्याला त्या टेस्टची गरजच नव्हती.

पुढच्या खेपेला पारूबाईनं माझ्यासमोर गोळी गिळली, आणि तोंड उघडून जीभ दाखवली. एवढी मोठी बाई, शाळेतल्या पोरीसारखी. मी म्हणाले, माझ्यासमोर खाल्ली म्हणजे घरी खाता असं होत नाही. ती डबी पदरात बांधून गेली. मला तेव्हा वाईटसुद्धा वाटलं नाही — याचीच लाज जास्त वाटते.

उन्हाळा संपायच्या आत तिची जाऊ डबी घेऊन आली. पारूबाई वारली होती. शेवटी गिळवत नव्हतं, तर गोळी कुटून पाण्यात कालवून मागायची, जाऊ सांगत होती. उरलेल्या परत करा, कुणाच्यातरी कामी येतील, असं बजावून गेली होती. मी त्या ओतून मोजल्या — सवय. बरोबर होत्या.

"ताई, इतक्या नेमानं खाल्ल्या, मग लागू का नाय पडल्या?"

मी म्हणाले, आजार फार पुढं गेला होता, कुणाच्या हातात काही नव्हतं.

माझ्या हातात होतं.

तिनं हात जोडले. लई केलं तुम्ही आमच्या पारूसाठी, म्हणाली. मी तिला थांबवलं नाही. परतीची गाडी मिळेल ना, एवढंच विचारलं.