किसन हरकाऱ्याची चामखीळ

दवाखान्यात कंपाउंडर म्हणून जन्म काढला की औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. औषधं निदान संपतात तरी! तापाचे, खोकल्याचे पुष्कळसे विसरलो, पण किसन हरकाऱ्याच्या तळपायातली चामखीळ काही डोक्यातून जात नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. मी बीबी गावच्या दवाखान्यात. किसन टपालाची थैली घेऊन सुलतानपूरहून पळत यायचा. भाल्याला घुंगरू बांधलेले. ठेका ऐकू आला की गावाला कळायचं, टपाल आलं. एक दिवस तो ठेकाच लंगडा झाला. पोस्टमास्तरांनी बजावलं, "पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टरसाहेब येऊन राह्यले. तोवर पाय नीट झाला नाही, तं थैली दुसऱ्याच्या खांद्यावर." किसनला शेत ना शिवार, थैलीवरच त्याचं घर चालायचं.

*

पहिला इलाज त्याच्या लहानपणच्या दोस्ताचा, रहीमभाई टांगेवाल्याचा. घोड्याच्या शेपटीचा केस चामखिळीला आवळून बांधला की ती सुकून गळते, हे सगळ्यांनाच ठाऊक. रहीमभाईनं केस उपटला, घोड्यानं त्याला लाथ घातली, आणि बांधायला बसतो तर चामखीळ आत दबलेली!

"बाहेर असती तं बांधली असती बे," रहीमभाई म्हणाला, "हे तं अंदर घर करून बसली."

लाथ बसलेल्या त्याच्या गुडघ्याला आयोडिन मीच लावलं.

*

मग किसनच्या बायकोनं, सखूनं, बिब्बा तापवून टेकवला. चामखीळ जागेवरच राहिली, बाकीचा पाय उतला. किसन टाचेवर चालायला लागला. रस्त्यात भेटला तेव्हा मी विचारलं, "चामखीळ दुखते का रे अजून?"

"नाही भाऊ. बाकीचा पाय इतका दुखते का तिची यादच येत नाही."

*

शेवटी तो आमच्याकडे आला. आमचे डॉक्टरसाहेब नागपूरचे, नवे, हुशार. काडीला कापूस गुंडाळून ॲसिड लावायला खाली बसले, तर किसननं दोन्ही पाय बाकावर ओढून घेतले.

"तुमी माह्या पायाले हात लावता? मले पाप लागीन."

"बरं, कंपाउंडर लावतील."

"ते तं वयानं मोठे हायेत."

डॉक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. ॲसिडची छोटी बाटली भरून त्याच्या हातात दिली. रोज रात्री एक थेंब, बायकोकडून लावून घे, आजूबाजूला सांडू नको. "हाव," म्हणून किसन गेला.

*

इन्स्पेक्टर आले त्या दिवशी डॉक्टरसाहेब आणि मी दवाखान्याच्या खिडकीत उभे. मला तर चहासुद्धा गेला नाही. मग लांबून घुंगरू वाजले. सरळ, पहिल्यासारखे. किसन दवाखान्यावरून धावत गेला आणि समोर पोस्टाच्या दारात इन्स्पेक्टरांनी घड्याळ बघून मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला. डॉक्टरसाहेबांनी संध्याकाळपर्यंत भेटेल त्याला ॲसिडचे गुण सांगितले.

*

दुसऱ्या दिवशी किसन सखूला घेऊन आला. तळपाय एकदम साफ. सखूनं पदराखालून बाटली काढून टेबलावर ठेवली. बाटलीला हळदकुंकू लावलेलं. आत ॲसिड काठोकाठ, बूचही उघडलेलं नाही.

"हे लावलंच नाही?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"घरी आणल्याबरोबर देवापाशी ठेवली, साहेब," सखू म्हणाली. "मंग देवापासची वस्तू पायाले कशी लावाव? रोज एक फूल वाह्यलं."

डॉक्टरसाहेबांनी बाटली पाहिली, पाय पाहिला, पुन्हा बाटली पाहिली. नवराबायको नमस्कार करून गेले.

तेवढ्यात एक शेतकरी लंगडत आत आला. त्याच्याही तळपायात तेच. मी कपाटातून नवी बाटली काढायला उठलो.

"ती राहू द्या," डॉक्टरसाहेब हळूच म्हणाले. "हीच द्या त्याला. आणि कुंकू पुसू नका."