चौथ्या खोबणीचा उतार

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे आली. मुलगी म्हणतो ते माझ्या वयामुळे. तिशीची असेल, पुण्याहून इथे आयटीत नोकरीला आली आहे. मी एकदा लिफ्टमध्ये फोनवर मराठीत बोलत होतो ते तिने ऐकलं, तेव्हापासून मला काका म्हणते. बायको गेल्यापासून माझ्या घरात मराठी बोलायला कुणी नाही. दिवसातलं पहिलं वाक्य दूधवाल्याशी, कानडीत, आणि पुष्कळदा शेवटचंही तेच. म्हणून ती आली की मला बरं वाटतं, आणि ते दिसू नये म्हणून मी जरा तुटक वागतो.

"काका, तुम्ही मशीनवाले ना? हे बघा ना, अडकलंय."

तिच्या हातात लाकडाची, मुठीत मावेल एवढी एक वस्तू होती. बोटांसाठी चार खोबणी आणि वर अंगठ्याखाली फिरणारी पितळेची चकती. ऑफिसात टेबलावर ठेवायची, फोनवर बोलताना किंवा विचार करताना हातात धरायची आणि चकती फिरवत बसायचं, एवढाच तिचा उपयोग. मला चष्मा लावावा लागला नाही. खालचं लाकूड उलटं फिरवलं, आतली पिन काढली. आसाला केस गुंडाळला गेला होता, तो चिमट्याने ओढला. दोन मिनिटांचं काम.

"ते खालून उघडतं हे तुम्हाला कसं कळलं? आमच्या ऑफिसात चार इंजिनिअर झटले त्याच्याशी."

"मीच बनवलंय ते."

"काय सांगता! सीरियसली?" तिने मूठ वळून दाखवली. "मला ना, यात सगळ्यात जास्त ही करंगळीची जागा आवडते. अशी तिरपी आहे ना, बरोब्बर बसते."

"तो उतार मुद्दाम दिलाय," मी म्हणालो. "सात अंशांचा."

"उद्या ऑफिसात सगळ्यांना सांगते. आमच्या काकांनी बनवलंय म्हणून." ती आनंदाने जिना चढून गेली.

मी दार लावलं आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. तरी पाहिलं. हीच वाक्यं मी आठ वर्षांपूर्वी जेव्हा पहिल्यांदा चारचौघांत बोललो तेव्हा ऐकणारी जिवंत होती. आता खोटं बोलायची काही गरजही नव्हती, समोर ना कंपनी ना सभा, केस अडकला म्हणून आलेली एक शेजारीण. तरी ते शब्द आपोआप बाहेर आले. म्हणून आता सगळं नीट लिहून ठेवतो.

मी मूळचा निपाणीकडचा. यशवंतपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये नोकरीला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. आमचं काम साचे आणि मापं करण्याचं. मी मायक्रोमीटरवर विश्वास ठेवणारा माणूस. डोळ्याला काय वाटतं, हाताला काय वाटतं, याला आमच्याकडे किंमत नव्हती.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी आमच्या टूलरूममधलाच एक जुना सहकारी भेटायला आला. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, होसकोटेचा. नोकरी सोडून त्याने तिथेच स्वतःचं छोटं युनिट काढलं होतं. कंपन्या आपल्या लोकांना भेट द्यायला ज्या टेबलावरच्या वस्तू घेतात, त्या तो बनवायचा. ही लाकडी वस्तू त्याचीच, पण तेव्हा ती अंड्यासारखी गुळगुळीत होती. माल परत येत होता. हातातून निसटते, चकतीची कड अंगठ्याला चावते, दहा मिनिटांत मनगट भरून येतं, अशा तक्रारी.

"सार, स्वल्प, जरा आकार बघून द्या," तो म्हणाला. "तुमच्यासारखा हात नाही कुणाचा."

मला ते फार गोड लागलं. दोन वर्षं मला कुणी काही विचारलं नव्हतं.

चकतीचं काम सोपं होतं. कड गोल केली, खाली पातळ वॉशर घातला, ती अलगद फिरू लागली. आकार मात्र जमेना. मी होसकोटेला गेलो आणि युनिटमधल्या अकरा जणांच्या हातांची मापं घेतली. बोटांची लांबी, जाडी, तळव्याची रुंदी. सरासरी काढली आणि त्यावरून नमुना कोरला. माझ्या हातात तो छान बसला. त्या अकरा जणांच्याही हातात बसला. युनिटच्या मालकाने, म्हणजे त्या सहकाऱ्याने, तो एका ऑफिसात पाठवला, आणि तिथल्या निम्म्या लोकांनी, म्हणजे सगळ्या बायकांनी, तो दुसऱ्या दिवशी बाजूला ठेवला. मी मापं घेतलेले अकराही जण पुरुष होते, घट्टे पडलेल्या हातांचे. हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. मी आणखी तीन नमुने केले. माप कमी केलं, खोबणी उथळ केल्या. मोठ्या माणसाचा शर्ट आखूड करून लहानाला घालावा तसं दिसत होतं ते.

ते नमुने आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेले असत. बायको भाजी निवडताना एखादा उचलून पाहायची आणि ठेवून द्यायची.

"बोटं कुठं ठेवायची हे लाकूड सांगतंय," ती एकदा म्हणाली. "हाताला विचारा की."

"हाताला काय विचारायचं? मापं घेतलीत."

"मापं पसरलेल्या हाताची घेतलासा. धरताना हात पसरलेला असतोय का?"

मी मापांची वही पुढे ओढली. तिला राग आला की काय माहीत नाही, पण त्या संध्याकाळी तिने मेथीचे मुटके केले. मुटका कसा करतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ज्वारीचं आणि बेसनाचं पीठ मेथी घालून घट्ट मळायचं, गोळा मुठीत घ्यायचा आणि एकदाच दाबायचा. मूठ उघडली की गोळ्यावर चार बोटांचे ठसे उठलेले असतात. मग ते वाफवायचे. ताटलीत वाफवलेले मुटके ठेवून त्यातला एक तिने माझ्या नमुन्याशेजारी टेबलावर ठेवला.

"हे घ्या तुमचं माप."

मी हसलो. ती हसली नाही. "धरून तरी बघा."

मी धरला. माझी बोटं तिच्या बोटांपेक्षा जाड, तरी ती आपल्याआपण त्या ठशांत जाऊन बसली. कुठे कड नाही, कुठे ताण नाही. मी तो मुटका खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टरमध्ये त्याचा साचा घेतला, साच्यातून मेणाचा तुकडा काढला, होसकोटेला नेऊन संगणकावर त्याचा आकार चढवला, आणि त्यावरून मशीनने लाकूड कोरलं. मी काय केलं म्हणाल तर चकतीची जागा ठरवली आणि तळ सपाट केला. बाकी काही नाही.

त्या मुटक्यावरचा चौथा ठसा, करंगळीचा, बाकीच्या तिन्हींना समांतर नव्हता. बाहेर झुकलेला होता. मालकाने विचारलं, "सार, हा तिरका का?" मी कोनमापक लावून पाहिलं आणि म्हणालो, "सात अंशांचा उतार दिलाय. करंगळीला आराम पडतो." त्याने मान डोलावली. खोटं तिथे सुरू झालं. कारखान्यात दाटलेल्या लाकडाच्या भुशात उभं राहून मी ते इतक्या सहज बोललो की क्षणभर मलाच खरं वाटलं.

खरं असं होतं की तिची करंगळी वाकडी होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही यशवंतपूरला एका खोलीत राहायचो. ट्रंकेचं झाकण तिच्या उजव्या हातावर पडलं. मी दुसऱ्या पाळीला निघालो होतो. बोट सुजलं होतं, मी हळद लावून चिंधी बांधली आणि "उद्या बघू" म्हणालो. दुसऱ्या दिवशी जादा काम आलं. त्याच्या पुढच्या दिवशी तीच म्हणाली, राहू दे, उतरतंय. सूज उतरली, हाड तसंच जुळलं. त्यानंतर चाळीस वर्षं तिने त्या हाताने भाकऱ्या थापल्या आणि त्या बोटाचं नाव काढलं नाही. मीही नाही.

वस्तू चालली. पुष्कळ चालली. प्रत्येक डबीत एक कार्ड घातलेलं असायचं, त्यावर आकार कुणी दिला म्हणून माझं नाव. आमच्या भागातल्या मराठी मंडळाला कळलं, त्यांनी वार्षिक कार्यक्रमात शाल-श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी वीस मिनिटं बोललो. मापं, सरासरी, अकरा हात, फसलेले नमुने, सगळं सांगितलं. मग म्हणालो की एके दिवशी मला सुचलं, उघडा हात मोजून उपयोग नाही, मिटलेला हात मोजला पाहिजे. टाळ्या पडल्या. करंगळीच्या सात अंशांवर तर जास्तच. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. हात मांडीवर, एकावर एक.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "नाव नको हो माझं. पण हात माझा होता, एवढं तरी म्हणायचं."

"बायकोच्या मुटक्यावरनं डिझाइन काढलं म्हटलं तर हसतील लोक."

"हसू देत की. मला काय, मी पण हसले असते."

मी सिग्नलकडे पाहत राहिलो. तो विषय तिने पुन्हा कधी काढला नाही. भांडण झालं नाही, अबोला झाला नाही. फक्त त्यानंतर आमच्या घरी मुटके गोल वळले जाऊ लागले, लाडवासारखे, दोन तळव्यांमध्ये. एकावरही बोटं उठलेली नसत. हे माझ्या लक्षात यायला किती दिवस लागले ते आता सांगता येत नाही. लक्षात आलं तेव्हा विचारायला हवं होतं. मी चव चांगली झाली आहे असं म्हणालो.

तीन वर्षांपूर्वी ती गेली. आजार लहानच होता, पंधरा दिवसांचा. दवाखान्यात तिच्या उजव्या हाताला सुई लावलेली होती म्हणून मी डाव्या बाजूला बसायचो. चुकलं माझं, हे तिला सांगायचं होतं असं मी म्हणणार नाही. तेव्हा माझ्या मनात ते आलंच नाही, आणि मला आज सगळ्यात जास्त तेच बोचतं.

वरची मुलगी त्या दिवशी गेल्यावर मी होसकोटेला फोन लावला. म्हटलं, कार्डावरचं बदलायचं आहे, आकार माझ्या बायकोच्या हाताचा आहे.

"सार, ते मॉडेल बंद होऊन दोन वर्षं झाली. आता स्टीलचं चालतंय. कार्ड कुठलं आलं?"

"मग निदान तुमच्या लोकांना सांगा."

"तेव्हाचे लोक कुठं आहेत सार? सगळे गेले सोडून." मग म्हणाला, "अक्कांचा हात होता का तो? मला सांगायचं होतं तुम्ही. मी काय नाही म्हटलं असतं?"

नसतं म्हटलं. कुणीच नसतं म्हटलं. याचंही ओझं वेगळं आहे. मला कुणी अडवलेलं नव्हतं.

प्लास्टरचा साचा कपाटात खालच्या खणात आहे. तो काढून टेबलावर ठेवला. मुटक्याच्या पिठाचा एक पिवळसर कण अजून कडेला चिकटलेला आहे. मंडळाला पत्र लिहिलं. त्यांच्या पुढच्या अंकात छापू म्हणाले. पण मला वाटलं, शेवटचं खोटं जिच्याशी बोललो तिला आधी तोंडाने सांगावं. पुढच्या रविवारी साचा घेऊन मी जिना चढलो. तीन वर्षांत मी आपणहून कुणाचं दार वाजवलं नव्हतं.

तिने चहा ठेवला. मी चहाच्या आधीच सांगून टाकलं, सगळं, ट्रंकेसकट. ती ऐकत राहिली. मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "अहो काका, मी तर ऑफिसच्या ग्रुपवर पण टाकलं. तुमच्या नावासकट."

"आता परत टाक. नाव नको, तिला नको होतं. फक्त एवढं लिही की हात तिचा होता."

"टाकते." तिने फोन घेतला, काहीतरी लिहिलं, माझ्यापुढे धरून वाचून दाखवलं, आणि पाठवलं. मग ती लाकडी वस्तू उचलून तिने मुठीत धरली. करंगळी त्या तिरप्या खोबणीत नेऊन ठेवली, काढली, पुन्हा ठेवली. चकती फिरवली नाही.

"दुखायचं का हो त्यांना हे बोट?"

चहा उतू जायला आला होता. ती उठून आत गेली आणि तिने गॅस बंद केला. ती परत येईपर्यंत मला उत्तर शोधायला वेळ होता.

"मी कधी विचारलं नाही," मी म्हणालो.