कोरा दगड

भूगर्भशास्त्राच्या वर्गात पहिली ती आली होती, दुसरा तो. लग्न झालं आणि क्रम कायमचा उलटला. नदीच्या खोऱ्यातले खडक नोंदवायला दोघंही जात. कड्याला टेप लावणं, थरांची जाडी, रंग, त्यातले शिंपले टिपणं, आकृती काढणं, सगळं ती करी. सही तो करी. एकदा तर विद्यार्थ्यांदेखत त्यानं तिची आठवडाभराची आकृती चुरगळून नदीत भिरकावली. "तुझं काम रेघा ओढायचं. अक्कल पाजळायचं नाही!" पोरं फिदीफिदी हसली. ती पेन्सिलीला टोक करत राहिली.

उतारवयात काचबिंदूनं त्याचे डोळे गेले. जीभ तेवढी शाबूत राहिली. वरच्या वाळूच्या दगडाखाली दगड झालेल्या माशांचा थर असणारच, हा त्याचा जन्माचा हट्ट. परिषदेत लोक टर उडवत, पण गडी हटत नसे. अजूनही तिच्यासोबत खोऱ्यात येई आणि घडीच्या खुर्चीत बसून विचारी, "काय दिसतंय?"

त्या वर्षी पुरानं काठ खरवडून नेला होता. तिरप्या उन्हात तिला दिसला राखाडी दगडात आडवा पडलेला मासा, खवल्यांसकट. शेजारी आणखी दोन. त्यानं सांगितलं होतं, अगदी तिथंच.

"अगं, दातखीळ बसली का? काय दिसतंय?"

"दगड," ती म्हणाली. "कोरा."

"नीट बघ. आंधळी आहेस का?"

"आंधळी मी नाही."

तो चाचपडत पुढं आला. तिनं त्याचं मनगट धरलं आणि बोटं माशापासून वीतभर बाजूला, गुळगुळीत दगडावर टेकवली. बराच वेळ तो दगड कुरवाळत राहिला. मग हात काढून घेतला. "म्हणजे मी चुकलो."

तिच्या जिवाला असा गारवा कधी मिळाला नव्हता.

हिवाळ्यात परिषदेत उभं राहून त्यानं आपलं म्हणणं मागं घेतलं. पुन्हा खोऱ्यात गेला नाही. ती मात्र जात राहिली. मासे दगडातून सोडवले, शोधनिबंध स्वतःच्या नावानं छापला. अभिनंदनाला नणंद फुलं घेऊन आली आणि दारातूनच म्हणाली, "वहिनी, मासे सापडले ना गं! दादा, तू उगाच माघार घेतलीस."

तो सावकाश बायकोच्या दिशेला वळला. "कुठं सापडले?"

थाप सहज मारता आली असती. "तुमच्या बोटांपासून वीतभर," ती म्हणाली.

नणंदेनं फुलं तशीच खुर्चीवर ठेवली आणि काढता पाय घेतला.

आठवडा गेला. मग एका दुपारी तो हात पुढं करून म्हणाला, "एकदा हात लावू दे मला."

"संग्रहालयात आहेत. काचेआड."

खरं तर त्यातला एक तिच्या टेबलावर, कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला होता. उन्हाळ्यात नवरा वारला. तोवर त्यानं पुन्हा मासा मागितला नाही, आणि तिनं दिला नाही.