दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘नको’

डाव्या पायात पहिली रक्ताची गाठ झाली, तेव्हा ‘खराडीच्या ऑफिसात बारा-बारा तास बसून झाली’ असं मी जरा फुशारकीनंच सांगत फिरलो. दुसरी झाली ती रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना. डॉक्टरबाई म्हणाल्या, “शरीराची राखण करणारी शक्तीच तुमच्या रक्तावर उलटलीय. अशा वेळी मागे कधीकधी कर्करोग दडलेला असतो. कंबरेच्या हाडातला मगज काढून तपासू.” मी मान डोलावली आणि घरी बायकोला सांगितलं, “काही नाही, गोळी वाढवलीय.”

खरं म्हणजे मी घाबरलो होतो. सॉफ्टवेअरवाल्याचं शहाणपण असं, की शोधलीच नाही तर चूक नसतेच. तरी मन खाई. आमच्याकडे मोठा प्रश्न पडला की देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकतात, एकीवर ‘होय’, दुसरीवर ‘नको’. तपासणी करावी का, हे विचारायला मी वारज्याच्या दत्तमंदिरात गेलो आणि दोन्हींवर ‘नको’ लिहिलं. देवाची चूक होऊ नये, एवढीच माझी काळजी!

दुपार होती. गाभाऱ्यात धुपाचा निळा पडदा तरंगत होता, समई पाण्याखाली जळत असावी तशी दिसत होती, आणि पायातली कळ जणू दुसऱ्याच कुणाच्या पायात होती. चिठ्ठी उचलायला परका हात हवा, म्हणून दाराशी हार ओवणाऱ्या आजींना विनवलं. त्यांनी एक उघडली. माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग दुसरीही उघडली.

“दोन्हीवर नकोच? मग देवाला उठवलंत कशाला? झोपला होता बिचारा.”

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. सगळं सांगून टाकलं. आजी सुजलेल्या पायाकडे बघत म्हणाल्या, “आमच्या ह्यांचाही असाच सुजायचा. कॅन्सर निघाला. तपासायचं आम्हीच टाळत राहिलो, मग उशीर झाला. घरी ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग आधी तिथं सांगा. देव काय, इथेच आहे.”

संध्याकाळी सांगितलं. बायकोनं माझी फाईल शोधून पिशवीत घातली. मग म्हणाली, “अहो, उद्या किती वाजता निघायचं?”

तपासणीत हाडाच्या मगजात बिघडलेल्या पेशी सापडल्या. त्याच असं काही रक्तात सोडत होत्या की गाठी धरत होत्या. वेळेत सापडल्या, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. औषध सुरू झालं, त्यानंतर नवी गाठ झालेली नाही. आजार पुरता गेलाय असं मात्र कुणी म्हणत नाही, मीही विचारत नाही.

आजींच्या तोंडून कोण बोललं, यावर मी वाद घालणार नाही. परवा सलाईन लावून पडलो होतो. देवाला काय मागावं, याची सवयीप्रमाणे यादी करायला घेतली. थेंब पडताना पाहता पाहता डोळा लागला. नर्सनं उठवलं, “काका, झालं. घरी जा.” मागायचं राहूनच गेलं होतं, आणि काही अडलं नव्हतं.