बिघडलेल्यांचा डबा

तळेगावच्या छायावहिनीची लेक रक्षा नागपुरात उन्हापासून वीज काढायच्या काचेवर संशोधन करते. गावात कोणी विचारलं की सांगते, "काचेवर काळा लेप द्याचा. काळा राह्यला तं ऊन पिते, पिवळा पडला तं मेला." कशात काय मिसळलं तर लेप टिकेल, हे ती कॉम्प्युटरला विचारते. जगभर छापून आलेले हजारो लेप तिनं त्याला शिकवलेत.

त्यानं सांगितलेले सात लेप यंदा तिनं केले. सातही दोन दिवसांत पिवळे. सर म्हणाले, जून सरेपर्यंत टिकलेला एक दाखव, नाही तर विषय बदल. तीन वर्षांची मेहनत मातीत जायची पाळी.

मे महिन्यात ती घरी आली तेव्हा गच्चीवर कुरड्यांचं वाळवण चाललं होतं. ती खाटेच्या सावलीत बसून राहायची. उन्हात पांढऱ्या कुरड्या, पलीकडची घरं, कडुनिंब, सगळं पाण्यात तरंगल्यासारखं हलायचं. तीही त्यातच कुठंतरी तरंगत.

छायावहिनीची एक रीत आहे. सोऱ्या हातात घेण्याआधी ती पत्र्याचा एक जुना डबा उघडते. त्यात दरसालची एकेक बिघडलेली कुरडई.

"हे तुया जन्माच्या सालची. चीक कच्चा राह्यला, तडकली. हे लाल, गहू एक दिवस जास्त भिजला. अन् ह्या काळीवर आभाळ आलतं."

"फेकून काऊन नाई देत वो माय?"

"चांगल्या तं आपण खाऊन टाकतो. बिघडलेली पाह्यली नाई तं कुठी थांबा लागते, हे हाताले कसं समजन?"

रक्षा डब्यात बघतच राहिली. मग म्हणाली, "त्यानं एकबी पिवळा लेप पाह्यला नाई."

"कोणं?"

"माह्या कॉम्प्युटरनं. लोकं साधलेलंच छापतात."

"मंग त्याची काय चूक? बिचाऱ्यानं नुसत्या वराती पाह्यल्या, संसार कुठी पाह्यला?"

दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं ती गेली. प्रयोगशाळेच्या कपाटातून आधीच्या पोरापोरींच्या वह्या काढल्या. फुल्या मारून सोडलेले चारशेवर लेप होते, ते एकेक करून कॉम्प्युटरला शिकवले. हा दोन दिवसांत गेला, हा ओलाव्यानं, हा तापवतानाच. आधी तो नऊशे नावं सांगायचा. आता सहाच सांगू लागला.

पहिला लेप पिवळा पडला. दुसराही. तेही तिनं त्याला दाखवले.

जूनच्या अठ्ठावीस तारखेला छायावहिनीच्या मोबाईलवर फोटो आला. रुपयाएवढा काळा लेप, नववा दिवस. पाठोपाठ फोन.

"सरांनी विषय राहू देला माय."

"बरं झालं. येशीन तं एक पिवळी काच आणजो, डब्यात ठेवतो."

"नाई वो, त्यात शिसं असते. खायच्या वस्तूजवळ नाई ठेवत."

"मंग तुया डबा येगळा कर."

"केला," रक्षा म्हणाली. "नऊ हायेत त्याच्यात."

वहिनीनं फोटो पुन्हा उन्हात धरून पाहिला. काळा होता तो.